रस्त्यावर समोरच्याचा इतका राग का येतो? आणि डोकं शांत ठेवून गाडी कशी चालवायची?

सिग्नल सुटायला अजून चार सेकंद बाकी आहेत. दिवा लालच आहे. तरी मागून हॉर्न सुरू झालाय. तुम्ही आरशात बघता तर एक गाडी अगदी तुमच्या नंबर प्लेटला चिकटून उभी. सिग्नल सुटतो, तुम्ही पहिला गिअर टाकता, तेवढ्यात डावीकडून एक बाईकवाला हँडल घुसवून पुढे जातो, एक रिक्षा इंडिकेटर न देता मध्ये येते आणि चारचौघांत कधी काढणार नाही असा शब्द तुमच्या तोंडून निघून जातो.

घरात आणि ऑफिसात तुम्ही तसे शांत म्हणून ओळखले जाता. कोणी रांगेत मध्ये घुसलं तर फार तर दोन शब्द बोलून सोडून देता. मग स्टिअरिंग हातात आलं की नेमकं काय होतं? समोरचे सगळेच मूर्ख का वाटू लागतात? आणि रोज तोच रस्ता, तीच गर्दी असताना डोकं शांत ठेवणं खरंच जमतं का?

एकेक करून बघूया.

डोकं फिरवणाऱ्या गोष्टी कोणत्या?

पुण्यात विचारा, मुंबईत विचारा, नागपूर किंवा कोल्हापुरात विचारा, यादी जवळपास सारखीच येते.

राँग साईडने येऊन वर आपल्यालाच डिपर मारणारे. इंडिकेटर न देता कट मारणारे. लाल दिव्यावर हॉर्न वाजवणारे. रात्री अपर लावून समोरून येणारे. फोन कानाला लावून रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालणारे. एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेकसाठी असलेली उजवी लेन धरून ऐंशीने जाणारे. 'पाचच मिनिटं' म्हणून डबल पार्किंग करून गायब होणारे.

यातल्या बऱ्याच गोष्टी नियमभंग आहेत. त्यामुळे राग येणं चुकीचं नाही. त्यात खड्डे, मेट्रोची कामं, अचानक अरुंद होणारे रस्ते आणि बंद पडलेले सिग्नल यांची भर. आपण सगळेच थोडे आधीच तापलेले असतो. पण एकाच चुकीचा कधी प्रचंड राग येतो आणि कधी अजिबात येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?

चूक त्याची, पण अर्थ कोणी लावला?

समजा, एका गाडीने तुम्हाला कट मारला. तुमच्या मनात पहिलं वाक्य येतं, 'माजलेत साले.' आता समजा, तुम्ही स्वतः कोणाला तरी कट मारला. तेव्हा मनात काय येतं? 'अरे, दिसलाच नाही तो.' किंवा, 'वळण आलं एकदम, काय करणार?'

मानसशास्त्रात याला नाव आहे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या सवयीला 'मूलभूत आरोपण दोष' अशा अर्थाचं नाव दिलं. स्वतःच्या बाबतीत मात्र आपल्याला परिस्थिती लगेच दिसते.

रस्त्यावर हा दोष जास्त बोचतो, कारण तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो पत्रा, काळी काच आणि नंबर. लिफ्टमध्ये चुकून धक्का लागला तर माणूस 'सॉरी' म्हणतो आणि विषय संपतो. गाडीतून सॉरी म्हणायची सोयच नाही. हात वर केला तरी मागच्याला तो धमकीचा वाटू शकतो.

त्यात आणखी एक गंमत. स्वीडनचे संशोधक ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालकांना विचारलं होतं की, इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी किती कौशल्याने चालवता? अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात ठेवलं. वरच्या अर्ध्या भागात फार तर अर्धेच लोक बसू शकतात, हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही. म्हणजे रस्त्यावरचा जवळपास प्रत्येक जण 'मी बरोबर चालवतोय, बाकीच्यांना येत नाही' असं मानून चाललेला असतो. तुमच्या मागचासुद्धा. आणि त्याच्या हिशेबात 'बाकीचे' म्हणजे तुम्ही.

राग सगळ्यांवर सारखा येतो का?

नाही. अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या संशोधकांनी कॅलिफोर्नियात केलेला एक साधा प्रयोग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाल्यावरही त्यांची गाडी मुद्दाम जागेवरून हलवायची नाही आणि मागचा हॉर्न वाजवतो का ते मोजायचं. पुढे जुनी, स्वस्त गाडी असताना ८४ टक्के चालकांनी हॉर्न वाजवला. चकचकीत महागडी गाडी असताना फक्त ५० टक्क्यांनी.

आपल्याकडे यासाठी प्रयोगाची गरज नाही. मोठ्या काळ्या एसयूव्हीने कट मारला की आपण मनात चरफडतो. तेच सायकलवाल्याने किंवा डिलिव्हरीच्या पोराने केलं की काच खाली करून 'घरी सांगून आलायस का?' असं विचारतो. म्हणजे हा राग आपण समजतो तितका बेभान नसतो. कोणावर काढायचा हे त्याला बरोबर कळतं. आणि जो राग माणूस बघून आवरता येतो, तो एरवीही आवरता येऊ शकतो.

एकच हॉर्न, दहा अर्थ

आपल्या रस्त्यांवर गैरसमज वाढण्याचं एक खास कारण आहे. इथे खुणांचे अर्थ पक्के नाहीत.

डिपरचंच घ्या. काही देशांमध्ये समोरच्याने दिवे चमकवले की 'तुम्ही आधी जा' असा अर्थ घेतला जातो. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतोय, तू थांब' असा असतो.

हायवेवर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे वळणार आहे की तुम्हाला 'उजवीकडून ओव्हरटेक कर' म्हणतोय? दोन्ही अर्थ चालतात आणि चुकीचा अर्थ लावला तर जीव जाऊ शकतो. म्हणून ट्रकचा वेग आणि त्याच्या पुढचा रस्ता दिसल्याशिवाय निव्वळ इंडिकेटरवर भरवसा ठेवू नये.

हॉर्नचं तर विचारूच नका. 'मी तुमच्या बाजूला आहे', 'वळणावर येतोय', 'हला की आता', 'शाब्बास मित्रा' आणि 'मूर्खा' हे सगळं आपण एकाच आवाजात सांगतो. ट्रकच्या मागे तर 'हॉर्न ओके प्लीज' लिहून हॉर्नचं आमंत्रणच असायचं. यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं, असं म्हणत महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी घातली.

मुंबई पोलिसांनी एक भन्नाट उपायही करून पाहिला होता. काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं. लाल दिव्यावर हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न, तितकी वाट. जानेवारी २०२० मध्ये त्याचा व्हिडिओ प्रचंड फिरला. तो बघून सगळे हसले, कारण त्यातला हॉर्नवाला प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

मुद्दा असा की, मागून हॉर्न आला म्हणजे तो तुमचा अपमान असतोच असं नाही. कित्येकदा ती फक्त सवय असते.

शेजारचीच लेन पुढे का जाते?

ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर कायम असं वाटतं की आपली लेन थांबली आहे आणि शेजारची पळतेय. मग आपण लेन बदलतो. आणि लगेच जुनी लेन चालू लागते!

हा नशिबाचा खेळ नाही. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याचं स्पष्टीकरण दिलं. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी हा भास होतो. कारण आपली लेन चालते तेव्हा शेजारच्या लेनमध्ये गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, त्यामुळे आपण एका झटक्यात खूप गाड्या मागे टाकतो. शेजारची लेन चालते तेव्हा तिथल्या गाड्यांमध्ये अंतर पडलेलं असतं आणि त्या एकेक करून, सावकाश आपल्याला मागे टाकतात. म्हणजे 'मी पुढे जातोय' हे सुख थोडा वेळ टिकतं आणि 'सगळे माझ्या पुढे जातायत' हे दुःख जास्त वेळ. शिवाय मागे टाकलेली गाडी नजरेआड होते, पुढे गेलेली मात्र डोळ्यांसमोर राहते.

पुढच्या वेळी लेन बदलायचा मोह झाला की हे आठवा. शेजारच्या लेनमधला माणूसही तुमच्याकडे बघून तसंच म्हणत असतो.

घाई करून नेमकी किती मिनिटं वाचतात?

पाटी पन्नास पैसे स्वस्त असल्यासारखी प्रत्येक घाटात लावलेली असते, 'अति घाई, संकटात नेई'. आपण ती वाचतो आणि गिअर बदलतो. तर आता हिशेबच करू.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे सुमारे ९५ किलोमीटर लांब आहे. घाट, टोल आणि गर्दी बाजूला ठेवून समजा, पूर्ण रस्ता ताशी १०० ने गेलात, तर ५७ मिनिटं लागतील. नियम मोडून ताशी १२० ने गेलात, तर साधारण साडेसत्तेचाळीस मिनिटं. वाचली साडेनऊ मिनिटं, तीही कागदावर. प्रत्यक्षात घाटात एक ट्रक समोर आला की त्यातली निम्मी तिथेच जातात. पण वेग १०० वरून १२० वर गेला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर जवळपास ४४ टक्क्यांनी वाढतं. ही वाढ मात्र कागदावरची नसते.

शहरात तर वाचणारा वेळ आणखी कमी. दोन गाड्यांना कट मारून पुढे गेलेला बाईकवाला पुढच्या सिग्नलला तुमच्या शेजारीच उभा असतो. आपण हे रोज बघतो.

एका क्षणाचा राग किती वर्षं पुरतो?

'रोड रेज' हा शब्द १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळला. भारतात या नावाचा स्वतंत्र गुन्हा कायद्यात नाही. पण गाडीतून उतरून काही केलं तर त्याची कलमं आहेत. भारतीय न्याय संहितेनुसार कोणाला बेकायदा अडवून ठेवलं तर कलम १२६, मारहाण करून दुखापत केली तर कलम ११५. दुखापतीसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जखम गंभीर असेल तर प्रकरण त्याच्याही पुढे जातं.

माजी क्रिकेटपटू नवज्योत सिंग सिद्धू यांचं प्रकरण देशाला माहीत आहे. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात गाडीवरून वाद झाला आणि मारहाणीनंतर ६५ वर्षांच्या एका माणसाचा मृत्यू झाला. खटला अनेक वळणं घेत गेला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिद्धूंना एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. रस्त्यावरचा वाद काही मिनिटांचा होता. एका घरातला माणूस कायमचा गेला आणि निकाल लागायला ३३ वर्षं गेली.

प्रत्येक भांडण इतकं टोकाला जात नाही. पण रागात चालवलेली गाडी हाणामारी न होताही जीव घेऊ शकते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक गेले. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवर होते. कारमधल्या माणसासाठी 'जरा घाबरवलं त्याला' इतकीच गोष्ट असते. दुचाकीवाल्याच्या अंगाभोवती पत्रा नसतो.

माझाच एक अनुभव सांगते. कर्वे रोडवर मी स्कूटरवर होते, आई मागे बसली होती. एका कारने इतक्या जवळून कट मारला की मला करकचून ब्रेक दाबावा लागला. माझं डोकं फिरलं. मी वेग वाढवला, दोन रिक्षांच्या मधून वाट काढली आणि पुढच्या सिग्नलला त्याला गाठलं. काचेवर टकटक केलं. आतल्या काकांनी काच खाली केली आणि म्हणाले, 'सॉरी बेटा, खरंच दिसली नाहीस.' मी मनात जुळवलेलं सगळं भाषण वाया गेलं. मागून आई शांतपणे म्हणाली, 'आपल्याला वळायचं होतं ती गल्ली केव्हाच मागे गेली.' तेव्हा लक्षात आलं, तिने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की तो दुखत होता. तिला कारवाल्याची भीती एकदाच वाटली होती. उरलेला सगळा वेळ ती मला घाबरली होती.

मग करायचं काय? रोजच्या रस्त्यासाठी काही सवयी

१. दहा मिनिटं आधी निघा. सांगायला सोपं आणि करायला अवघड, पण सगळ्यात जास्त उपयोगाचं. उशीर झालेला असला की प्रत्येक रिक्षा, प्रत्येक म्हातारे आजोबा आणि प्रत्येक लाल दिवा आपला शत्रू होतो. निघायला उशीर झालाच, तर गाडी सुरू करण्याआधी 'पोचायला उशीर होतोय' असा फोन करून टाका. निम्मी घाई तिथेच उतरते.

२. पुढच्या गाडीपासून तीन सेकंद मागे राहा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात मोजायला सुरुवात करा. तीन मोजून झाल्यावर तुम्ही त्या खांबापाशी पोचायला हवं. ताशी ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे हे अंतर ५० मीटर होतं. पावसात ते आणखी वाढवा.

'पण जागा सोडली की कोणीतरी घुसतंच ना?' हो, घुसतं. घुसू द्या आणि पुन्हा थोडं मागे व्हा. एक गाडी पुढे घुसल्याने तुमचे दोन-तीन सेकंदच जातात. समोर मोकळी जागा असली की कोणाचाही कट 'थोडक्यात वाचलो' इथपर्यंत पोचत नाही, आणि राग बहुतेक वेळा त्या दचकण्यातूनच येतो.

३. मनातलं वाक्य बदला. 'माजलाय' ऐवजी 'दिसलो नसेन' म्हणून बघा. किंवा 'दवाखान्यात निघाला असेल'. खरं कारण तुम्हाला कधीच कळणार नाही. मग ज्याने आपला दिवस खराब होणार नाही ते कारण धरलेलं काय वाईट?

४. हॉर्नचा एकच उपयोग ठेवा. धोका सांगण्यासाठी. सिग्नल सुटल्यावर पुढच्याला दोन-तीन सेकंद द्या. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाच्या आसपासच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर हॉर्नला बंदीच आहे.

५. मागे कोणी चिकटलं तर त्याला जाऊ द्या. ब्रेक दाबून त्याला धडा शिकवायला जाऊ नका. इंडिकेटर देऊन डावीकडे या, तो निघून जाईल. तुम्ही हरलात असं कोणीही कुठेही लिहून ठेवत नाही.

६. समोरून अपर आला तर बदल्यात अपर मारू नका. दोन आंधळे झालेले चालक एकापेक्षा जास्त धोकादायक असतात. वेग कमी करा, दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा.

७. खांदे बघा. सिग्नलला थांबल्यावर खांदे कानाकडे ओढले गेलेत का, हात स्टिअरिंगवर आवळलेत का, ते तपासा. सैल सोडा. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन सोडा. असं चार-पाच वेळा. डोळे मात्र उघडे ठेवा!

८. आभार माना. कोणी जागा दिली तर हात दाखवा. या रस्त्यांवर ते इतकं दुर्मीळ आहे की समोरचा पुढे कोणालातरी जागा देण्याची शक्यता वाढते.

समोरचाच भडकला असेल तर?

चूक कोणाचीही असो, अशा वेळी एकच ध्येय ठेवा, अंतर वाढवणं. नजरेला नजर भिडवू नका. काच बंद, दार लॉक. गाडीतून उतरू नका. चूक तुमची असेल तर हात जोडून माफी मागा, त्याने काही कमी होत नाही.

तो पाठलाग करत असेल तर घरी किंवा निर्जन गल्लीत जाऊ नका. पोलीस चौकी, पेट्रोल पंप किंवा वर्दळ असलेली जागा गाठा आणि ११२ ला फोन करा. दुचाकीवर असाल तर शर्यत लावू नका. एखाद्या दुकानासमोर थांबा आणि आत जा.

म्हणजे सगळं मुकाट सहन करायचं?

नाही. शांत राहणं म्हणजे चुकीला माफी देणं नव्हे. फक्त शिक्षा देण्याचं काम आपलं नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार सिग्नल तोडणं, हातात फोन धरून गाडी चालवणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने येणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जाऊ शकतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला कलम १९४ ई नुसार दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. विनाकारण हॉर्न वाजवण्यासाठीही कलम १९४ एफ आहे.

तक्रार करायची तर गाडीचा नंबर, जागा आणि वेळ लक्षात ठेवा. चालवताना फोन काढून व्हिडिओ करू नका, नाहीतर कलम १८४ तुम्हालाच लागेल. मागे बसलेल्याला फोटो काढायला सांगा किंवा गाडीला डॅशकॅम लावा. घरी पोचल्यावर वाहतूक पोलिसांकडे तक्रार करा. आणि रोज एकाच चौकात भांडणं होत असतील तर प्रश्न माणसांपेक्षा त्या चौकाच्या रचनेचा असू शकतो. त्यासाठी महापालिकेच्या मागे लागणं हे एकेका चालकावर ओरडण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

उद्या सकाळी तुमच्या रस्त्यावर तोच खड्डा असेल, तोच सिग्नल असेल, आणि चार सेकंद आधी हॉर्न वाजवणारा तो गृहस्थही असेल. त्याला बदलणं तुमच्या हातात नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर आणि घरून निघायची वेळ, एवढं मात्र आहे. आणि मागे कोणी बसलं असेल, तर त्यांनी तुमचा खांदा किती घट्ट धरलाय, तेवढं अधूनमधून बघत जा.